एक शब्द खोडण्यासाठी

रविवारी आठवडी बाजारात दिव्यांग हक्क कायद्यातला एक शब्द बदलावा म्हणून सह्यांचे कागद घेऊन बसले होते. एक काका बराच वेळ लांबून बघत होते, मग जवळ आले. उजव्या हाताची तीन बोटं सोयाबीनची रास करताना हडंब्यात, म्हणजे मळणी यंत्रात गेलेली. "ताई, माझं सर्टिफिकेट चाळीस टक्क्यांच्या आत भरलं. म्हणजे ह्यो कायदा आपला न्हाई ना?"

आहे काका, तुमचाही आहे. ४० टक्के लागतात ते नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाला आणि तसल्या काही सवलतींना. भेदभाव नको म्हणणारं कलम ३ मात्र किती टक्के ते विचारत नाही. काकांनी डाव्या हातानं, एकेक अक्षर लावत सही केली. मागची रांग थांबली, पण कुणी घाई केली नाही.

मी हे का करते? २०१९ मध्ये एका खासगी शाळेत मुलाखतीला गेले होते. पाचवीच्या वर्गावर पाठ घ्यायला लावला, मी अपूर्णांकांची बेरीज घेतली. पोरं रमली. खाली आल्यावर संस्थाचालक म्हणाले, "शिकवता छान, पण वर्ग वरच्या मजल्यावर आहेत. तुमच्याच जिवाला त्रास." अहो, पाठ वरच्याच मजल्यावर झाला होता! पायाला आधाराचा कॅलिपर घालून, कठड्याला धरून मी तो जिना चढले होते, उतरलेही होते. चहा पाजून त्यांनी मला वाटेला लावलं.

घरी येऊन २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा उघडला. अपंगत्वाचे प्रकार ७ चे २१ झाले, १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे, एवढं माहीत होतं. कलम २० मात्र तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. नोकरीत भेदभाव करू नये, हे बंधन तिथं फक्त 'सरकारी' आस्थापनांवर आहे. खासगीवाल्यांनी कलम २१ प्रमाणे समान संधीचं धोरण जाहीर करायचं. आमच्या बीडकडं पोट भरतं ते जिनिंगवर, पतसंस्थेत, दुकानात, विनाअनुदानित शाळेत. सरकारी भरतीची वाट किती वर्षं बघायची?

कलम २० मधला 'सरकारी' हा शब्द काढा, एवढीच आमची मागणी आहे. खासदारांना निवेदन द्यायचंय.

८६ सह्या झाल्यात. पुढच्या आठवड्यात वडवणीच्या बाजारात बसणार आहे. येणाऱ्यांनी जाड पेन आणा, बारीक पेन काकांच्या हातात ठरत नव्हता.