मोहरीएवढा कण

कोळशाचा बॉयलर पहिल्यांदा गॅसवर पेटवायचा होता, त्या दिवशी मी दांडिया बाजारातून पहाटे साडेचारला निघालो. आईने हातावर दही-साखर ठेवली. बडोद्यात १९७०च्या दशकापासून घरोघर पाइपचा गॅस आहे. त्यामुळे तिला कळेना, यात एवढं घाबरण्यासारखं काय.

आमचं पॉवर हाउस एका कारखान्याचं, शहराबाहेर. कोळशाची पूड करून जाळायची. नवे बर्नर, नवी गॅसलाइन, ज्वाला पेटली की नाही ते ओळखणारे नवे फ्लेम स्कॅनर असं सगळं बसवून झालं होतं. सारख्याच उष्णतेला गॅसचा कार्बन डायऑक्साइड कोळशापेक्षा साधारण ४० टक्के कमी, आणि राख तर नाहीच. आजूबाजूच्या गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे काळे होताना मी अनेक वर्षं पाहिलेत, त्यामुळे हे काम मला मनापासून हवं होतं.

पेटवण्याआधी लीक टेस्ट असते. बर्नरच्या लाइनवर एकामागे एक दोन शट-ऑफ व्हॉल्व्ह आणि दोघांच्या मध्ये व्हेंट, म्हणजे गॅस बाहेर सोडायची वाट. दोन्ही बंद करून मधला दाब सोडायचा, व्हेंट बंद करायचा आणि गेजकडे बघत बसायचं. काटा हलला नाही तर ठीक. आमचा हलला. अगदी हळू, पण चढत राहिला. म्हणजे पहिला व्हॉल्व्ह बंद असूनही गॅस सोडत होता.

साडेनऊला वरचे साहेब आले. गॅसचं कंत्राट सुरू झालं होतं, कारखान्याला स्टीम हवी होती. "एवढ्याशा लीकसाठी थांबायचं? टेस्टला जंपर मारा, दुसरा व्हॉल्व्ह आहे ना!" जंपर मारायचा म्हणजे टेस्ट पास झाली असं यंत्रणेला भासवून पुढे जायचं.

मी म्हटलं, "साहेब, दुसराही सोडत असेल तर गॅस भट्टीत साठेल. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये आलं आणि ठिणगी मिळाली, तर भट्टीच्या भिंती राहणार नाहीत. मी जंपर मारणार नाही." माझा आवाज कापत होता. ते काही न बोलता केबिनमध्ये गेले.

मग लाइन अलग केली, गॅस बाहेर सोडला, नायट्रोजन फिरवला. गॅस मोजायच्या मीटरवर शून्य आल्यावरच, ठिणगी न पाडणारे पितळी स्पॅनर लावून व्हॉल्व्ह उघडला. सीटवर, म्हणजे व्हॉल्व्हचं झाकण जिथे घट्ट बसतं तिथे, वेल्डिंगचा एक कण अडकला होता, मोहरीएवढा. लाइन जोडल्यावर ती आतून नीट फुंकून काढली नव्हती. तो कण बोटावर घेतला तेव्हा त्याचं वजनसुद्धा जाणवलं नाही. सीट साफ केली, पुन्हा टेस्ट घेतली. काटा जागचा हलला नाही.

मग पर्ज. फॅन चालू ठेवून भट्टीतली हवा निदान ५ वेळा बदलायची. त्यानंतर पेटवणारा इग्नायटर, आणि गॅस.

आमचे जुने फायरमन काका डोकावायच्या भोकापाशी उभे होते, खिशातली निळी काच डोळ्यांपुढे धरून. कोळशाची ज्वाला उघड्या डोळ्यांनी बघवत नसे. "साहेब, पेटलाच नाही," ते म्हणाले. स्कॅनर मात्र ज्वाला दाखवत होता. मी म्हटलं, "काका, काच काढा." त्यांनी काढली. आत फिकट निळसर थरथर होती, पलीकडच्या नळ्या तिच्यातून स्पष्ट दिसत होत्या. काका बराच वेळ तसेच बघत राहिले.

कोळसा बिघडला की धूर ओकतो, आवाज करतो, राखेचा रंग बदलतो. काकांनी आयुष्यभर त्यावरूनच बॉयलर ओळखला. गॅस गळला तरी दिसत नाही, आणि जळला तरी जेमतेम.

"मग आता नजर कुठे ठेवायची?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना दोन व्हॉल्व्हमधला तो गेज दाखवला. त्यानंतर दर पेटवणीआधी काका त्याच्यासमोर स्टूल टाकून बसतात आणि ते हो म्हणेपर्यंत मी पुढचं बटण दाबत नाही.