चढलेल्या, गढूळ नर्मदेवर गळ टाकताना: माझा अनुभव

मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट हा माशांच्या प्रजननाचा काळ म्हणून नद्यांमध्ये मासेमारीला बंदी असते, आणि इंदूरला राहून गळाचा छंद जोपासणाऱ्याची खरी पंचाईत ही बंदी उठल्यानंतर सुरू होते. काठ्या पुसून, रिळांना तेल देऊन तयारी झालेली असते. पण सिमरोळ, चोरल, बलवाडा ओलांडून बडवाहला उतरावे, तर नर्मदा दोन्ही थड्या भरून चाललेली असते आणि पाण्याचा रंग उकळून ठेवलेल्या दुधाच्या चहासारखा असतो. रामबागेतल्या आमच्या मामांचा सल्ला ठरलेला होता, की दसऱ्यापर्यंत थांबावे. "अरे, ज्या पाण्यात माशाला स्वतःचे शेपूट दिसत नाही, त्यात त्याला तुझे गांडूळ काय दिसणार?" असे ते म्हणत. पण दसऱ्यापर्यंत थांबायचे म्हणजे निम्मा हंगाम घरात काढायचा, आणि ते मला मान्य नव्हते.

मामांच्या प्रश्नाचे उत्तर मला दूरच्या एका माशाने दिले. उत्तर अमेरिकेतल्या नद्यांत आणि तलावांत बास नावाचा शिकारी मासा असतो, आणि त्याच्यामागे लागलेल्या तिथल्या हौशी लोकांना दर वसंतात आपल्यासारख्याच चढलेल्या, मातकट पाण्याला तोंड द्यावे लागते. बास हा मुख्यतः डोळ्यांवर शिकार करणारा मासा आहे. तरीही गढूळ पाण्यात तो उपाशी राहत नाही. तो मधली धार सोडून काठाला येतो, बुडालेल्या ओंडक्याला किंवा दगडाला अगदी चिकटून राहतो आणि पाण्यातली थरथर ओळखून झडप घालतो. म्हणून तिथले लोक अशा दिवसांत गोल पात्याचा स्पिनर, म्हणजे ओढताना पाते फिरणारे धातूचे खोटे आमिष, वापरतात, कारण लांबट पात्यापेक्षा गोल पाते पाण्याला जास्त धक्के देते. रंग काळा किंवा भडक पोपटी ठेवतात आणि रीळ अगदी सावकाश गुंडाळतात. आपल्या नर्मदेत बास नाही, हे खरे. पण अंगाच्या दोन्ही बाजूंनी शेपटीपर्यंत गेलेली, पाण्याची हालचाल टिपणारी पार्श्वरेषा आपल्या माशांनाही आहे, आणि पढिन, शिंगटा यांच्यासारख्या मिशीवाल्या माशांना तर मिशांवरही चव कळते. डोळ्यांवर जगणारा बास गढुळात तग धरतो, तर मुळात रात्री शिकार करणाऱ्या पढिनाचे गढूळ पाण्याने काय बिघडणार?

तरी हा विचार घेऊन थेट नदीवर जाणे धोक्याचे होते, कारण गढूळपणा आणि चढ ही दोन निराळी दुखणी आहेत. गढूळपणामुळे फार तर रिकाम्या हाताने परतावे लागते. चढामुळे जीव जातो. बडवाहच्या वरच्या अंगाला ओंकारेश्वर आणि त्याच्याही वर इंदिरा सागर अशी दोन वीजनिर्मितीची धरणे आहेत, अनुक्रमे 520 आणि 1000 मेगावॉटची, आणि वर पाणी सोडले की खाली पावसाचा थेंब नसतानाही पातळी चढते. 2005 च्या एप्रिलमध्ये, म्हणजे भर उन्हाळ्यात, धाराजीच्या मेळ्यात असेच वरून सोडलेले पाणी आले आणि पात्रात असलेले अनेक भाविक वाहून गेले. ती गोष्ट या पट्ट्यात अजून कोणी विसरलेले नाही. त्यामुळे घर सोडण्यापूर्वी केंद्रीय जल आयोगाने जाहीर केलेल्या पातळ्या आणि धरणांच्या दरवाजांची बातमी पाहायची, आणि दरवाजे उघडणार असतील तर काठ्या गाडीत न ठेवता परत कोनाड्यात ठेवायच्या, हा माझा नियम झाला.

काठावर पोचल्यावर पहिले काम गळाचे नसते. पाण्याच्या अगदी कडेला मी एक बारीक काडी रोवतो आणि पाणी जिथे तिला टेकते तिथे लाल दोरा बांधतो. मग सुतळीला बांधलेले पत्र्याच्या डब्याचे पांढरे झाकण पाण्यात सोडतो आणि ते कुठे दिसेनासे होते ते सुतळीच्या गाठींवर मोजतो. ही युक्ती माझी नव्हे. सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्याने 1865 मध्ये समुद्राचा स्वच्छपणा अशाच पांढऱ्या तबकडीने मोजला होता. झाकण वीतभर खोलीवर दिसत असेल, तर स्पिनरने काम होते. चार बोटांतच ते नाहीसे झाले, तर डोळ्यांसाठी काही करण्यात अर्थ नाही, मग वासाचे आमिष लावायचे: कोंबडीची आतडी, ठेचलेले झिंगे किंवा गांडुळांचा झुपका. (आतडी लावायची असतील तर घाटांपासून लांब जावे. ज्या घाटावर लोक माशांना कणकेच्या गोळ्या घालतात तिथे गळ टाकायचा नसतो, हे इथे कोणाला सांगावे लागत नाही.) तेवढ्या वेळात दोरा पाण्याखाली गेलेला दिसला, तर सामान आवरायचे. एकदा माझ्या डोळ्यांदेखत दोरा बुडाला आणि मी निघालो, तेव्हा शेजारच्या नावाड्याने नुसती मान हलवून "ठीक किया, भैया" म्हटले. ती पावती मला मोठ्या माशापेक्षा मोलाची वाटली.

पाणी चढते आहे की उतरते आहे, यावर जागा ठरते, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचे मर्म इथेच आहे. पाणी सावकाश चढत असताना मासा त्याच्याबरोबर काठावर येतो, कारण बुडालेल्या गवतात किडे, बेडूक, गांडुळे असे आयते अन्न मिळते आणि धारेशी झगडावे लागत नाही. नर्मदेच्या काठावर बेशरमाची झुडपे भरपूर आहेत. पाण्यात अर्धी बुडालेली बेशरमाची जाळी म्हणजे अमेरिकन बासच्या ओंडक्याची सख्खी बहीण. तिच्या खालच्या अंगाला, जिथे पाणी वळसा घेऊन जवळजवळ थांबते, तिथे हातभर अंतरावर आमिष टाकायचे आणि तिथेच पुन्हा पुन्हा टाकायचे. स्वच्छ पाण्यात मासा लांबून येतो. गढूळ पाण्यात आमिष त्याच्या नाकासमोर न्यावे लागते. माझा पहिला चांगला पढिन अशाच एका जाळीखाली लागला. झटका असा आलाच नाही. दोर आधी सैल पडला, मग आडवा सरकू लागला, आणि मी काठी उचलली तेव्हा जाळीत शिरण्याआधी त्याला बाहेर वळवण्यासाठी जाड वेणीच्या दोराचे बळ लागले. साधा तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी दोरा, त्या फांद्यांवर टिकला नसता.

उतरत्या पाण्यात याच जागा ओस पडतात. शेतांतले, गवतातले पाणी ओहळांनी परत नदीत येऊ लागते आणि त्याबरोबर वाहत येणारे खाणे गाठायला शिकारी मासे ओहळांच्या तोंडाशी उभे राहतात. मला स्वतःला हेच पाणी जास्त आवडते. बडवाहजवळ चोरल नदी नर्मदेला मिळते तिथे हा खेळ स्पष्ट दिसतो. चोरलचे खोरे लहान, त्यामुळे विंध्यात पाऊस झाला की तीच आधी काळी माती घेऊन येते; पण उघडीप मिळाली की तीच आधी निवळते आणि नर्मदा मात्र मातकटच राहते. मग संगमाखाली दोन रंगांची रेघ दूरपर्यंत चालत जाते. त्या रेघेच्या गढूळ बाजूला मासा दडतो आणि निवळ बाजूला काय चालले आहे त्यावर लक्ष ठेवतो, असा माझा अंदाज आहे; निदान माझे बहुतेक मासे स्पिनर निवळ पाण्यातून गढुळात शिरत असतानाच लागले आहेत.

या रेघेवर कधी महसीरही लागतो. तो राज्याचा मासा आहे, नर्मदेत त्याची संख्या खूप घटली आहे, आणि पावसाळ्यातच तो वाळू-खडीच्या निवळ उपनद्यांत अंडी घालायला चढतो. त्यामुळे त्याला पाण्याबाहेर न काढता गळ सोडवून जाऊ देणे, याला माझ्याकडे अपवाद नाही. गळाच्या टोकाशी असलेले उलटे काटे मी पकडीने आधीच दाबून सपाट केलेले असतात, म्हणून ते काम पटकन होते. तसेच भरलेल्या डबक्यांच्या काठी पाण्यावर लालसर पिल्लांचा दाट घोळका वर-खाली होताना दिसला, तर त्याच्याखाली मरळ पहारा देत असते. ती रागाने कशावरही तुटून पडते. तिला तसे पकडणे फार सोपे असल्यामुळेच ते करू नये, कारण पहारा उठला की पिल्ले उरत नाहीत.

काठाविषयी एक सांगायला हवे. पाणी उतरल्यावर भिजलेली मातीची दरड वरून कोरडी, टणक दिसते आणि खालून पोखरलेली असते. कडेला समांतर भेग दिसली की तिच्या अलीकडेच उभे राहावे, एकट्याने जाऊ नये आणि तरंगते जाकीट अंगात असावे. हे जाकीट इंदूरमध्ये गळाच्या काठीपेक्षा स्वस्त मिळते, तरी काठावर ते घातलेला माणूस क्वचितच दिसतो.

ऑक्टोबरच्या मध्याला झाकण कंबरभर पाण्यात दिसू लागते आणि मासे काठ सोडून धारेतल्या खडकांकडे जातात. तेव्हा मी गोल पात्याचे स्पिनर आणि आतडी दोन्ही बंद करतो आणि रिळावरचा काळा वेणीचा दोर उतरवून बारीक, पारदर्शक तंगूस चढवतो, कारण निवळ पाण्यात तो जाड दोर माशाला आधी दिसतो आणि आमिष नंतर.