तुम्ही विचारलंत म्हणून: गाठ दिसतेच की, मग मोजता काय?

कॅन्सरच्या एमआरआयमध्ये मोजमापावर काम चालतं असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "एमआरआयमध्ये गाठ दिसतेच की. मग आणखी मोजायचं काय?" विचारणाऱ्यांत डॉक्टर असतात, भौतिकशास्त्राचे विद्यार्थी असतात, पेशंटचे नातेवाईकही असतात. दोन वाक्यांत उत्तर दिलं तर ते अर्धवट राहतं, म्हणून इथे जरा सविस्तर.

एमआरआयच्या नेहमीच्या चित्रातल्या उजळपणाला एककच नसतं. सीटीमध्ये पाणी म्हणजे ०, हवा म्हणजे उणे १०००, आणि हे सगळ्या यंत्रांवर सारखं. एमआरआयमध्ये एखाद्या पिक्सेलचा आकडा ४१२ आला तर त्याला स्वतःचा असा काही अर्थ नाही. कॉइल (सिग्नल पकडणारी अँटेना) बदलली, रिसीव्हरचा गेन, म्हणजे सिग्नल किती मोठा करायचा ते, बदललं, पेशंट जरा सरकला की तोच ऊतक ३०० होतो किंवा ६००. रेडिओलॉजिस्टचं यात काही अडत नाही, कारण ते शेजारच्या भागाशी तुलना करतात: स्नायूपेक्षा उजळ, चरबीपेक्षा काळं. गाठ शोधायला तेवढं पुरतं.

अडतं ते पुढच्या प्रश्नाला. केमोच्या दोन सायकल झाल्या. औषध लागू पडतंय का? आज याचं उत्तर बहुतेक वेळा फूटपट्टीनेच दिलं जातं. रेसिस्ट १.१ हे २००९चे निकष: निवडलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज ३० टक्क्यांनी घटली तर अंशतः प्रतिसाद, २० टक्क्यांनी, आणि किमान ५ मिमीने, वाढली तर आजार वाढला. गोलसर गाठीचा व्यास ३० टक्क्यांनी घटतो तेव्हा तिचं आकारमान जवळजवळ दोन तृतीयांश घटलेलं असतं. म्हणजे आत बरंच काही घडून गेल्यावर फूटपट्टी बोलते. आत काय चाललंय ते त्याआधी आकड्यात पकडायचं, हे आमचं काम.

कल्पना नवी नाही. खरं तर ती चित्रांच्याही आधीची आहे. रेमंड दमाडियन यांनी १९७१ साली उंदरांच्या गाठींमध्ये टी-वन आणि टी-टू हे काळ (रेडिओलहरीने ढवळल्यावर ऊतक पूर्वपदावर यायला आणि त्याचा सिग्नल विरून जायला लागणारा वेळ) निरोगी ऊतकांपेक्षा लांबलेले असतात असं मोजून दाखवलं. पॉल लॉटरबर यांनी याच तत्त्वावरचं पहिलं चित्र छापलं ते १९७३ साली. त्या एका आकड्यावरून कॅन्सर ओळखता येईल ही आशा मात्र फळली नाही. निरोगी आणि रोगट आकडे एकमेकांत फार मिसळतात. ही अडचण आजही तशीच आहे.

सध्या सगळ्यात जास्त वापरात असलेला आकडा म्हणजे एडीसी (अ‍ॅपॅरंट डिफ्यूजन कोएफिशंट). पाण्याचे रेणू ऊतकात किती मोकळेपणाने हलतात, याचं ते माप. पेशी दाटीवाटीने असल्या की हालचाल अडते आणि एडीसी उतरतो. पेशी मरून भिंती फुटल्या की वाढतो. हिशेब सोपा आहे. बी-व्हॅल्यू म्हणजे या हालचालीला चित्र किती संवेदनशील करायचं त्याचा आकडा. एकदा कमी बी-व्हॅल्यूचं चित्र घ्यायचं, समजा ५०, आणि एकदा जास्तीचं, समजा ८००. पहिल्यात सिग्नल १००० आणि दुसऱ्यात ४७२ आला, तर त्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग ०.७५, त्याला दोन बी-व्हॅल्यूंमधल्या फरकाने, म्हणजे ७५०ने, भागलं की ०.००१ चौरस मिमी प्रति सेकंद. बोलताना आम्ही याला नुसतं "एक" म्हणतो, आणि खाली सगळे एडीसी त्याच हिशेबाने दिले आहेत.

खालची बी-व्हॅल्यू शून्य का नाही, हे नवे विद्यार्थी नेहमी विचारतात. केशवाहिन्यांतून वाहणारं रक्तही सिग्नल घटवतं, पण त्याचा परिणाम बी १०० ते २००च्या आतच संपतो. शून्यापासून मोजलं तर रक्ताचा वाटा एडीसीत घुसतो आणि रक्तपुरवठा भरपूर असलेली गाठ आहे त्यापेक्षा "मोकळी" दिसते.

आता बिघडतं कुठे ते. पहिला गुन्हेगार चरबी. तिचे रेणू जवळजवळ हलतच नाहीत, त्यामुळे दोन्ही चित्रांत तिचा सिग्नल तेवढाच राहतो. स्कॅनमध्ये चरबीचा सिग्नल मुद्दाम दाबतात, पण वरच्याच उदाहरणात हजारातले २०० नीट न दबलेल्या चरबीचे आहेत असं धरा. पाण्याचे ८०० घटून ३७८ होतील, चरबीचे २०० तसेच राहतील, बेरीज ५७८. एडीसी निघेल ०.७३. गाठ तीच, पण आकडा एकदम पाव हिश्शाहून जास्त घसरला, आणि मॅपवर, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा एडीसी दाखवणाऱ्या चित्रावर, हे कुठेच लिहिलेलं नसतं. ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं एकक) यंत्रावर चरबी आणि पाण्याच्या वारंवारतेत सुमारे ४४० हर्ट्झचा फरक असतो. डिफ्यूजनसाठी, म्हणजे पाण्याची ही हालचाल मोजण्यासाठी, वापरतात त्या ईपीआय या झटपट चित्र घेण्याच्या पद्धतीत चित्राच्या फेज-एन्कोडिंग नावाच्या दिशेला एका पिक्सेलला जेमतेम २० हर्ट्झ मिळत असतील, तर ही चरबी २२ पिक्सेल दूर जाऊन बसते. म्हणजे गाठीवर चढलेली चरबी गाठीच्या शेजारची असेलच असं नाही. म्हणून मॅप उघडण्याआधी बी ८००चं मूळ चित्र बघायचं आणि कुठे भुतासारखी चंद्रकोर दिसते का ते शोधायचं.

दुसरं म्हणजे नॉइज, सिग्नलमधली खरखर. एमआरआयचं चित्र धनसंख्यांचं असतं, त्यामुळे सिग्नल कितीही पडला तरी नॉइजच्या पातळीखाली जात नाही. बी वाढवत नेलं की वक्र तळाला टेकतो आणि एडीसी खोटा कमी येतो. यकृतात हे फार होतं, कारण तिथला टी-टू मुळातच लहान. शिवाय ग्रेडियंट (हालचाल टिपण्यासाठी लावलेली बदलती चुंबकीय क्षेत्रं) यंत्राच्या मध्यापासून दूर गेल्यावर सांगितल्याबरहुकूम वागत नाहीत, त्यामुळे मध्यापासून १०-१५ सेंमी बाजूला असलेल्या गाठीत चूक दहा टक्क्यांच्या पुढेही जाऊ शकते. प्रोस्टेटच्या बाबतीत मागे गुदाशयात वायू असला तर चित्रच वाकडं होतं. तिथे गणिताने फार काही सावरत नाही, वायू काढून पुन्हा स्कॅन करणं बरं.

यंत्रावर भरवसा किती ठेवायचा हे फॅन्टमवरून, म्हणजे खरा आकडा आधीच माहीत असलेल्या चाचणीच्या नमुन्यावरून, ठरतं. डिफ्यूजनसाठीचा फॅन्टम दिसायला अगदी साधा: प्लास्टिकची बरणी, आत पाण्याच्या आणि पीव्हीपी नावाच्या पॉलिमरच्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या द्रावणाच्या नळ्या. बरणीत आधी बारीक फोडलेला बर्फ गच्च भरायचा, मग फटींमध्ये पाणी ओतायचं, झाकण लावून तासभर थांबायचं. बर्फ कशाला? कारण पाण्याचा एडीसी तापमानाबरोबर पळतो: २० अंशाला २.०२, २५ अंशाला २.३०. स्कॅनरच्या खोलीत पाच अंशांची तफावत म्हणजे आकड्यात सुमारे १४ टक्के चूक. वितळणारा बर्फ मात्र कुठल्याही खोलीत शून्य अंशालाच असतो आणि तिथे पाण्याचा एडीसी १.१० यायला हवा. फरक ०.०४च्या आत असेल तर यंत्र पास. चूक बहुधा घाईने होते: बर्फाचे मोठे खडे टाकले आणि लगेच स्कॅन केला, तर नळ्यांच्या आतलं पाणी अजून गार झालेलं नसतं, आकडा जास्त येतो आणि दोष यंत्राच्या माथी जातो.

फॅन्टम पास झाला तरी माणूस उरतोच. त्यासाठी आम्ही तोच पेशंट दोनदा स्कॅन करतो: पहिला स्कॅन झाला की त्याला टेबलावरून उठवायचं, चार पावलं चालू द्यायचं, पुन्हा झोपवून सगळं पहिल्यापासून करायचं. या काही मिनिटांत गाठ बदललेली नसते, त्यामुळे आकड्यात जो फरक येतो तो निव्वळ मोजण्यातला. अशा फरकांवरून एकाच पेशंटच्या एका मोजमापाचं प्रमाण विचलन काढून त्याला २.७७ने गुणलं की एक मर्यादा मिळते. तिच्या आतला बदल खरा आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येत नाही. एडीसीसाठी क्यूआयबीए या इमेजिंगमधल्या मोजमापांचे निकष ठरवणाऱ्या गटाने दिलेल्या मर्यादा अशा: मेंदू ११ टक्के, स्तन १३, यकृत २६, प्रोस्टेट ४७. म्हणजे स्तनातल्या गाठीत १.०० चा १.२० झाला तर काहीतरी घडलंय. पण प्रोस्टेटमध्ये ०.८० चा १.१० झाला, तरी त्या एका पेशंटबद्दल छातीठोकपणे काही सांगता येत नाही. माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच आहे आणि शोधनिबंधांतून सगळ्यात जास्त गाळला जाणाराही हाच. शेकडो टेक्स्चर-फीचर, म्हणजे चित्राच्या पोताचे आकडे, काढून मॉडेल बसवणाऱ्यांनी आधी प्रत्येक फीचर दोन स्कॅनमध्ये तेवढंच येतं का हे बघितलं, तर निम्मी मॉडेल्स लिहावीच लागणार नाहीत.

उरलेली गडबड हाताने होते. गाठीची सीमा बी ८००च्या चित्रावर आखायची आणि मग मॅपवर उचलून ठेवायची. थेट मॅपवर आखली तर आपण नकळत काळा भाग तेवढाच निवडतो. मधला मेलेला पाणथळ भाग, रक्तस्राव, बायोप्सीच्या वेळी बसवलेली क्लिप हे सगळं वगळायचं. पिक्सेल २ मिमीचा असेल तर १० मिमीची गाठ पाच पिक्सेल रुंद. कडेच्या पिक्सेलमध्ये शेजारचं ऊतक मिसळतं म्हणून ते सोडले की उरतात जेमतेम आठ-नऊ. एवढ्यावर सरासरी घेता येते. "सर्वांत कमी एडीसी" नावाचा जो प्रकार काही जण देतात, तो अशा वेळी एका नॉइजी पिक्सेलचा आकडा असतो.

शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र उजळवणारं औषध) देऊन केलेल्या मोजमापात के-ट्रान्स हा आकडा निघतो: हे औषध रक्तवाहिनीतून ऊतकात किती वेगाने झिरपतं ते. तिथे चुका साखळीने येतात. आधी वेगवेगळ्या फ्लिप अँगलनी (रेडिओलहर ऊतकातलं चुंबकत्व जितकं कलवते तो कोन) टी-वन मोजावा लागतो. १० अंश मागितले आणि प्रत्यक्षात ९ मिळाले तर टी-वन सुमारे १९ टक्के कमी दिसतो, आणि ३ टेस्लावर दोन स्तनांत असा फरक अगदी नेहमीचा. मग धमनीतल्या कॉन्ट्रास्टचा वक्र हवा. तो सगळीकडे निम्माच मोजला गेला तर के-ट्रान्स दुप्पट येतो. म्हणून बी-वनचा मॅप (फ्लिप अँगल प्रत्यक्षात कुठे किती मिळाला ते दाखवणारा) न घेता दिलेला के-ट्रान्स मी वाचून बाजूला ठेवतो.

"आकडा वाढला म्हणजे बरंच ना?" हाही प्रश्न येतोच. बहुतेकदा हो, नेहमी नाही. म्युसिनने (चिकट, पाणीदार स्रावाने) भरलेल्या कॅन्सरचा एडीसी मुळातच जास्त असतो. पू भरलेल्या गळवाचा अगदी कमी असतो, पण तो कॅन्सर नव्हे. मेंदूच्या गाठीवर बेव्हासिझुमॅब हे रक्तवाहिन्यांवर काम करणारं औषध दिलं की सूज ओसरून एडीसी खाली येतो. औषध कोणतं आणि कितव्या आठवड्यात मोजलं, हे कळल्याशिवाय नुसत्या आकड्यावर काही बोलू नये.

आणि रिपोर्टमध्ये एडीसी ०.९५ लिहिलंय, दुसऱ्या सेंटरला १.१० आला, असं घेऊन येणाऱ्यांसाठी: या दोन आकड्यांची वजाबाकी करू नका. पुढचा स्कॅन शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच प्रोटोकॉलने करून घ्या, आणि फिल्मऐवजी डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ डिजिटल फाइल) मागून घ्या. त्यातही एडीसी मॅपसोबत सगळ्या बी-व्हॅल्यूंची मूळ चित्रं असायला हवीत. मॅप साठवताना ०.९५ हा आकडा ९५० असा पूर्णांकात लिहिला जातो आणि त्याला किती पटीने भागायचं हे काही यंत्रं हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत, वेगळ्या जागी ठेवतात. फाइल दोन-तीन सिस्टीममधून फिरताना ती नोंद गळली तर मॅपवरून खरा आकडा परत मिळत नाही; मूळ चित्रं असली की तो पाच मिनिटांत पुन्हा काढता येतो.