एकाच नावाच्या दोन गाड्या

अ‍ॅरिझोनातील मेसा शहरात, मोटारहोमच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीच्या, मागे मोटार ओढून नेण्यासाठी लागणारी जोडणी करून देणाऱ्या एका कार्यशाळेत मी काम करतो. हिवाळा लागला की कॅनडातून आणि उत्तरेकडच्या राज्यांतून निवृत्त माणसे मोठाली मोटारहोम घेऊन इकडे येतात आणि मुक्कामावर बाजारहाटासाठी हाताशी असावी म्हणून एक लहान गाडी, चारही चाके रस्त्यावर ठेवून, मागे ओढत आणतात. आपल्याकडे बंद पडलेली गाडी न्यूट्रलला टाकून दोरीने गॅरेजपर्यंत नेतात. इथे मात्र ती ताशी साठ मैलांच्या वेगाने दिवसदिवस ओढली जाते.

जोडणीसाठी पुढचा बंपर उतरवून गाडीच्या सांगाड्याला पोलादी बेसप्लेट कसावी लागते आणि टो-बार, म्हणजे ओढण्याचा दांडा, जवळजवळ आडवा राहील अशी हिचची, म्हणजे मोटारहोमच्या मागच्या जोडाची, उंची साधावी लागते. त्यापुढचे विजेचे काम मी दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही. मोटारहोमचा ब्रेक दाबला की मागच्या गाडीचे लाल दिवे लागले पाहिजेत, पण तो प्रवाह गाडीच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये उलटा शिरता कामा नये, म्हणून मध्ये एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारे डायोड घालावे लागतात. वायर कुठेही पत्र्याच्या कडेला घासणार नाही अशी नळीतून न्यावी लागते. शिवाय मागच्या गाडीचा ब्रेक दाबणारे उपकरण आणि जोड तुटलाच तर तो ब्रेक आपोआप लावणारी खटक्याची तार हवी. ही तार ‘कायद्याने लागते का?’ असे विचारून चार पैसे वाचवू पाहणाऱ्या गिऱ्हाइकांशी मी आजवर कधीही तडजोड केलेली नाही.

जानेवारीतल्या त्या सकाळी एक वृद्ध दांपत्य होंडा सीआर-व्ही घेऊन आले. त्यांची 2014 ची सीआर-व्ही अपघातात निकामी झाली होती. तिच्या जागी त्यांनी त्याच नावाची, जवळपास तशीच दिसणारी गाडी घेतली होती आणि जुना टो-बार नव्या गाडीला जोडून हवा होता. काउंटरवरच्या सहकाऱ्याने दूरध्वनीवर गाडीचे नाव तेवढे लिहून घेतले होते. बंपरला हात लावण्यापूर्वी मी काचेखालचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, वाचला. त्यातले दहावे अक्षर वर्ष सांगते; 2014 ला तिथे ई असतो, या गाडीवर एफ होता, म्हणजे ती 2015 ची होती.

2014 च्या सीआर-व्हीत नेहमीचा पाच गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता आणि ती ओढण्याची रीत पुस्तिकेत दिलेली होती: इंजिन सुरू करून गिअर सर्व स्थानांतून फिरवायचा, डी (ड्राइव्ह) वरून एन (न्यूट्रल) वर आणायचा, इंजिन तीन मिनिटे चालू ठेवून मग बंद करायचे आणि ताशी 65 मैलांची मर्यादा पाळायची. 2015 पासून अमेरिकेतल्या या गाडीत सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गतींच्या पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आला आणि चारही चाकांवर ओढण्याची परवानगी संपली. गाडी ओढली जात असताना चाकांशी जोडलेले भाग आत फिरतच राहतात, परंतु त्यांना तेल पुरवणारा पंप इंजिनावर चालतो आणि इंजिन तर बंद असते. वंगणाविना फिरणारे बेअरिंग आवाज करीपर्यंत, पुढे बसलेल्या चालकाला काही कळण्याचा मार्गच नसतो.

हे सांगितल्यावर ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, “मी हीच गाडी अर्ध्या देशातून ओढून नेली आहे. न्यूट्रलला टाकली की चाके मोकळी फिरतात, हे मी स्वतः पाहिले आहे.” ते खोटे बोलत नव्हते, त्यांच्या मनात जुनी सीआर-व्ही होती; विकणाऱ्यानेही त्यांना “ही ओढता येते” असे छातीठोकपणे सांगितले होते. गाडी विकणाऱ्या माणसाने पुस्तिकेचे एक पान उलटू नये, याचा मला त्या दिवशी फार संताप आला. ते पान शेवटी बाईंनीच मोठ्याने वाचले आणि पुस्तिका मिटून मांडीवर ठेवली.

मग मी दुसरे मार्ग तपासले. पुढची चाके उचलून नेणारी डॉली चालली नसती, कारण गाडी चारही चाकांना ताकद पुरवणारी होती. पूर्ण गाडी ट्रेलरवर चढवावी, तर गाडीचे सुमारे 3,500 पौंड, त्यात ट्रेलरचे दीड-दोन हजार. हिचची मर्यादा 5,000. रिकाम्या गाडीचा हिशेब कसाबसा काठावर बसला असता, पण हे जोडपे तिच्यात सामानही भरत असे. मी ट्रेलरचाही सल्ला दिला नाही.

कार्यशाळेच्या मालकांनी माझी बाजू घेतली, मात्र “त्यांच्या सहीचा कागद घेऊन बेसप्लेट बसवता आली असती” असेही ते नंतर म्हणाले. मला ते पटलेले नाही, कारण सही घेतल्याने गिअरबॉक्समध्ये तेल पोहोचत नाही. तरीही ते वाक्य मनातून जात नाही, कारण दुसऱ्या एखाद्या कार्यशाळेत तसा कागद त्यांच्यापुढे ठेवला गेला असण्याची शक्यता आहे. त्या दोघांनी पुढे काय केले, ते मला कळले नाही. काउंटरवर व्हीआयएन लिहून घ्यायचे मालकांनी कबूल केले आहे. अजून तरी नोंदवहीत गाडीचे नावच येते, आणि मी काम हाती घेण्यापूर्वी अंगणात जाऊन काचेखालचे दहावे अक्षर वाचून येतो.