अपघात मुलाचा, चौकशी रस्त्याची

दादा, इथे स्वीडनमध्ये आमच्या खालच्या मजल्यावरच्या सात वर्षांच्या पोराला गेल्या आठवड्यात गाडीचा धक्का लागला. हात मोडला, बाकी थोडक्यात निभावलं. इमर्जन्सीत त्याच्या आईला एक फॉर्म भरायला दिला: अपघात नेमका कुठे, किती वाजता, कसा झाला, रस्ता निसरडा होता का. 'तुमचं लक्ष कुठे होतं?' हे मात्र तिला कुणीही विचारलं नाही. आपल्याकडे पहिला प्रश्न हाच आला असता आणि त्या माऊलीने तो जन्मभर उशाशी घेतला असता.

हा फॉर्म 'स्ट्राडा' नावाच्या नोंदवहीत जातो. पोलिसांची नोंद आणि हॉस्पिटलची नोंद तिथे एकत्र येतात, कारण पोलिसांपर्यंत न पोचलेले कितीतरी जखमी डॉक्टरांना दिसतात. डॉक्टरला हाड कळतं, पण वळण कळत नाही. वळण रस्त्याच्या इंजिनिअरला कळतं.

आणि मूल कुणाला कळतं? इथे ते स्टीना सँडेल्स या बालमानसशास्त्रज्ञ बाईंनी 1960च्या दशकातच सांगून ठेवलं. लहान मुलाला आवाज कुठल्या बाजूने आला ते नीट उमगत नाही, उभ्या गाड्यांच्या पलीकडचं दिसत नाही, चेंडू सुटला की शिकवलेलं सगळं क्षणात विसरतं. कितीही पढवा, ते वाहतुकीला पुरं पडणार नाही. वाहतुकीनेच त्याच्या बेताने चालायचं. मला हे वाचून फार बरं वाटलं. दोष पोराचा नाही, हे कुणीतरी अभ्यास करून सांगितलं! 1997 साली स्वीडनच्या संसदेने 'व्हिजन झीरो' स्वीकारलं, त्यामागेही हाच विचार आहे: माणूस चुकणारच, ती चूक जिवावर बेतू नये असा रस्ता बांधा.

आता इथली मंडळी भारताच्या रस्त्यांवर मान हलवतात ना, तेव्हा मला राग येतो. अख्ख्या स्वीडनची वस्ती आपल्या पुणे जिल्ह्याएवढी! शिवाय आपल्याकडेही आयआयटी मद्रासच्या मदतीने पोलीस, आरोग्य, परिवहन आणि रस्ते खात्यांना जोडणारी अपघात-नोंदणी उभी राहिली आहे. अक्कल कमी नाही आपल्याकडे.

पण कोथरूडच्या आमच्या सोसायटीसमोरची शाळा सुटते तेव्हा गेटला रिक्षा, व्हॅन आणि पालकांच्या दुचाक्यांचा वेढा असतो, आणि पोरं त्यातून वाट काढत रस्त्यावर येतात. तिथे एक दुपार ट्रॅफिक पोलीस, पालिकेचा इंजिनिअर, मुलांचे डॉक्टर आणि एखाद्या शिक्षिका सोबत उभ्या राहिल्या, तर गेटसमोरचं पार्किंग त्याच दिवशी उठेल. दादा, तू सोसायटीचा सेक्रेटरी आहेस; पत्राचा मसुदा मी पाठवते.