कोल्हापुरात बँकेच्या ॲपची चाचणी: पुढे जाणाऱ्यांसाठी

एका बँकेचं नवं मोबाइल ॲप दिव्यांग ग्राहकांना कितपत वापरता येतं, हे पाहायला आम्ही पुण्याहून कोल्हापूरला गेलो होतो. अशाच कामाला कुणी निघणार असेल तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

जुलैअखेर ते ऑगस्ट हे दिवस टाळा. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी असते, तेव्हाही नको. आम्ही थंडीत गेलो. कागल, गडहिंग्लजकडची मंडळी एसटीनं येतात, म्हणून मध्यवर्ती बसस्थानकाजवळ तळमजल्यावरची जागा घेतली. नुसत्या ‘रॅम्प आहे’ या उत्तरावर जागा ठरवू नका. एका हॉलला रॅम्प उत्तम होता, पण स्वच्छतागृहाच्या दारातून व्हीलचेअर आत जात नव्हती. टेप घेऊन स्वतः मोजा.

चाचणी ज्याच्या त्याच्या फोनवरच घ्या. टॉकबॅकचा (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या अँड्रॉइडच्या सोयीचा) वेग, आवाजाची भाषा, अक्षरांचा आकार हे प्रत्येकानं आपल्या सवयीनं बसवलेलं असतं. आपण नेलेल्या कोऱ्या फोनवर माणूस उगाच अडखळतो आणि दोष कुणाचा ते कळत नाही. येताना हेडफोन आणायला सांगा, म्हणजे पिनचे आकडे खोलीभर ऐकू जाणार नाहीत.

बटणाला नाव नाही, रंगांत पुरेसा फरक नाही, असे दोष पुण्यात बसूनही सापडतात. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुराला 4.5:1 कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात फरक, लागतो. तो मोजायला प्रवास कशाला? कोल्हापुरात आम्ही वेगळं पाहत होतो: फोन दुसऱ्याच्या हातात कधी जातो? तो क्षण दिसला की लगेच टिपून ठेवायचा.

एक अंध दुकानदार शिल्लक पाहणं, खातं निवडणं, रक्कम टाकणं सगळं झरझर करत गेले. पिनच्या पानावर आकड्यांच्या जागा दर वेळी बदलत होत्या आणि टॉकबॅक प्रत्येक आकड्याला नुसतं ‘बटण’ म्हणत होता. त्यांनी सहज फोन शेजारी धरला. “हितनं पुढं पोरगं करतंय, ताई. पिन त्याला पाठ हाय.” पैसे गेले, व्यवहार ‘यशस्वी’ दिसला. बँकेच्या आकडेवारीत हा माणूस कधीच अडलेला दिसणार नाही. मला याचा फार राग येतो. स्वतःच्या पैशाची किल्ली रोज दुसऱ्याला द्यावी लागणं ही गैरसोय नाही, हक्क हिरावणं आहे.

केवायसीतही, म्हणजे ओळख पडताळणीतही, तेच. ‘डोळे मिचकवा’ ही सूचना पडद्यावर नुसती लिहून आली, वाचली गेलीच नाही. 30 एप्रिल 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि डोळे मिचकावण्याला पर्याय द्यायला सांगितलं. ॲप बनवतानाच्या चाचणीत अंध व्यक्तींना घ्यावं, असाही निर्देश त्यात आहे. बँकेशी बोलताना हा निकाल सोबत ठेवा.

कर्णबधिर ताईंचं गाडं वेगळ्याच ठिकाणी थांबलं. खातं लॉक झालं आणि ॲप म्हणालं, ग्राहकसेवेला फोन करा. चॅट नाही, मेसेज नाही. त्यांनी भावाकडे पाहिलं. सांकेतिक भाषेचे दुभाषी लवकर ठरवा, आणि दोघं घ्या. एकटा माणूस दिवसभर थकून जातो. हात थरथरणाऱ्या एका दादांचा ओटीपी टाकून होईपर्यंत मुदत संपत होती.

सुरक्षेमुळे पिनच्या पानाचं स्क्रीन रेकॉर्डिंग काळं येतं, म्हणून शेजारी बसून लिहिणारा माणूस हवा. त्यानं पिनकडे पाहायचं नाही, हे आधीच बजावा. संमतीपत्र मराठीत, आणि ऑडिओतही द्या. मानधन त्याच दिवशी द्या, सोबत आलेल्याचं भाडंही धरा.

जमल्यास ॲप बनवणाऱ्यांपैकी एकाला सोबत न्या. आमच्यासोबतचा मुलगा दुकानदारांशेजारी बसला आणि पिनच्या पानाची दुरुस्ती त्यानं स्वतःहून यादीत सगळ्यात वर नेली. फेरचाचणी याच मंडळींकडून करून घ्यायचं बँकेनं मान्य केलंय. तुम्ही मात्र ते आधीच करारात लिहून घ्या, तारखेसकट.