कसली गोष्ट?

रात्री सगळं आवरून झालं की आमच्या घरात एक प्रश्न हटकून विचारला जातो, "कसला पिक्चर आहे?" कुठला, कुणाचा, कधीचा, हे सगळं नंतर. आधी कसला. उत्तरही 'चांगला' किंवा 'वाईट' असं कधी येत नाही. ते येतं 'मारामारीचा', 'रडका', 'भुताचा', 'डोकं बाजूला ठेवून बघायचा', नाहीतर 'तसला'. या शेवटच्या प्रकाराची व्याख्या आजवर कुणी केलेली नाही, पण तो शब्द उच्चारला की रिमोट निमूट दुसऱ्या हातात जातो. आईचा स्वतःचा म्हणून एक प्रकार आहे, 'हळू'. हळू पिक्चरमध्ये माणसं बराच वेळ खिडकीबाहेर बघतात. बाबांचे प्रकार दोनच, 'हा पाहिलाय' आणि 'हाही पाहिलाय'.

जाणकार यालाच जॉनर म्हणतात. शब्द फ्रेंच, मूळ लॅटिन 'जीनस', म्हणजे कूळ किंवा जात. मराठीत आपण 'प्रकार' म्हणून भागवतो आणि मला तोच जास्त आवडतो, कारण "हा काय प्रकार आहे!" असं वैतागूनही त्याच शब्दात म्हणता येतं. गोष्टींच्या वर्गवारीकडे जरा नीट पाहिलं की हेच म्हणावंसं वाटतं.

बघा ना. भयकथेला नाव मिळालं ते वाचणाऱ्याचं काय होतं त्यावरून. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या काउबॉयच्या वेस्टर्नला मिळालं ते गोष्ट घडते कुठे त्यावरून. हेरकथेला नायकाच्या धंद्यावरून, ऐतिहासिक कादंबरीला काळावरून, संगीतिकेला सादर करायच्या रीतीवरून. धुतलेल्या कपड्यांचे ढीग लावताना एक ढीग लाल कपड्यांचा, दुसरा सुती कपड्यांचा आणि तिसरा बाबांच्या कपड्यांचा केला, तर बाबांचा लाल सुती सदरा हातात घेऊन माणूस कितीही वेळ उभा राहील. अंतराळयानात भूत निघालं की समीक्षक तसेच उभे राहतात.

इटलीत तर याहून मजा. तिथल्या मोन्दादोरी प्रकाशनाने १९२९ साली रहस्यकथांची एक माला पिवळ्या वेष्टनात काढायला सुरुवात केली. ती इतकी रुजली की तिथे रहस्यकथेलाच 'जाल्लो', म्हणजे 'पिवळी', म्हणायला लागले. नाव पडलं ते वेष्टनावरून, आतल्या खुनाशी त्याचा काही संबंध नाही. (मराठीत पिवळ्या पुस्तकांना जो अर्थ आहे तो लक्षात घेता हा शब्द आपण उसना घेऊ नये, हे बरं.)

काही नावं तर मागाहून पडतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन चित्रपट फ्रान्सपर्यंत पोहोचत नव्हते. युद्ध संपल्यावर ते एकदम आले, आणि १९४६ साली नीनो फ्रँक या समीक्षकाने त्यांतल्या काहींना 'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, असं म्हटलं. रात्र, पाऊस, खिडकीच्या पट्ट्यांतून भिंतीवर पडलेल्या सावल्या, एक थकलेला पुरुष, आणि एक बाई, जिच्यावर विश्वास ठेवू नये हे त्याला चांगलं कळत असूनही तो ठेवतो. हे चित्रपट काढणाऱ्यांना मात्र आपण न्वार काढतोय याचा पत्ताच नव्हता. अमेरिकेत या चित्रपटांना बहुतेक वेळा 'मेलोड्रामा' म्हणत. मूल शाळेत जायला लागल्यावर त्याचं बारसं करावं, तसला हा मामला.

मला वाटतं, वर्गवारी करणाऱ्यांत मुळात दोन स्वभाव असतात. एक गोष्टीकडे बघणारा, दुसरा गोष्ट ऐकणाऱ्याकडे बघणारा. अॅरिस्टॉटल पहिल्यातला. शोकात्मिका आपल्यापेक्षा थोर माणसांचं अनुकरण करते, सुखात्मिका आपल्यापेक्षा हलक्या माणसांचं, अशी त्याची मांडणी. प्रेक्षकाच्या मनातली भीती आणि करुणा त्यालाही ठाऊक आहे, पण पहिली रेघ तो पात्रांवर ओढतो. भरतमुनींनी दोन्ही केलं. नाटक, प्रकरण, भाण, प्रहसन अशी दहा रूपकं, म्हणजे नाट्यप्रकार, सांगितली. गोष्ट सर्वांना माहीत असलेली की कवीने रचलेली, नायक कोण, अंक किती, असे तिथले निकष. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. शृंगारापासून अद्भुतापर्यंत आठ रस मांडले, आणि रस म्हटलं की नजर रंगमंचावरून उठून समोर बसलेल्या माणसावर येते. एका नाटकात रस अनेक असतील, पण मुख्य एकच, बाकीचे त्याच्या दिमतीला, ही तोड तर फारच शहाणपणाची. यानातलं भूत तिने चुटकीसरशी सुटतं. घाबरवणं मुख्य असेल तर भयानक, थक्क करणं मुख्य असेल तर अद्भुत, यान काय नि वाडा काय.

हे वाचल्यापासून मला आईच्या वर्गीकरणाबद्दल आदर वाटू लागला आहे. 'रडका' म्हणजे करुण, यात शंका नको. 'हळू' म्हणजे बहुधा शांत. भरताच्या आठांत तो मोजलेला नाही. नववा म्हणून त्याला पुढे काश्मीरच्या अभिनवगुप्त या पंडिताने भक्कमपणे उचलून धरलं. आईने अजून धरलेलं नाही.

प्रकारांची हौस एकदा लागली की थांबत नाही, हे शेक्सपिअरने ओळखलं होतं. 'हॅम्लेट'मध्ये नटांचा ताफा येतो तेव्हा पोलोनियस हा म्हातारा दरबारी त्यांची ओळख करून देतो. शोकनाट्य, सुखनाट्य, इतिहास, गोपनाट्य इथवर ठीक चाललेलं असतं. मग गोप-सुख, इतिहास-गोप, शोक-इतिहास, आणि अखेरीस शोक-सुख-इतिहास-गोप! म्हातारा दम लागेपर्यंत प्रकारांना प्रकार जोडत जातो. गंमत म्हणजे शेक्सपिअर गेल्यावर १६२३ साली त्याच्या मित्रांनी नाटकांचा मोठा ग्रंथ छापला, तेव्हा अनुक्रमणिकेत सुखनाट्यं, इतिहासनाट्यं आणि शोकनाट्यं असे तीनच कप्पे केले. 'सिंबलीन' शोकनाट्यांत घातलं. त्याचा शेवट समेटाचा आणि आनंदाचा आहे.

पोलोनियस मात्र मेला नाही. २०१४च्या जानेवारीत 'द अटलांटिक' या मासिकाने नेटफ्लिक्सकडे चित्रपट-मालिकांचे किती प्रकार आहेत हे मोजलं, तर आकडा निघाला ७६,८९७. माणसं बसवून, चित्रपट बघायला लावून, त्यांच्याकडून एकेका चित्रपटावर शेकड्यांनी खुणा करून घ्यायच्या, आणि त्या खुणा एकमेकींना जोडत गेलं की झाले प्रकार तयार. मी हा आकडा आईला सांगितला. ती म्हणाली, "त्यात हळू आहे का?"

आता एक खेळ. चिऊ-काऊची गोष्ट घ्या. चिऊचं घर मेणाचं, काऊचं शेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं. तो चिऊच्या दाराशी येतो. चिऊताई चिऊताई, दार उघड. थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे. थांब, बाळाला तीट लावू दे. ही कसली गोष्ट? अर्थात बालकथा. तीन पिढ्या याच गोष्टीवर झोपल्या आहेत.

आता तीच गोष्ट दिवे घालवून सांगा. रात्र. मुसळधार पाऊस. घरात एकटी आई आणि लहान बाळ. दारावर थाप. बाहेरचा आवाज ओळखीचा आहे, पण त्याचं घर तर आत्ताच वाहून गेलंय. ती दार उघडत नाही. काहीतरी कारण सांगते. पुन्हा थाप. आता दुसरं कारण. एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही, तरी ही भयकथा आहे. उलट काऊच्या बाजूने सांगा. घर गेलेला माणूस पावसात कुडकुडत उभा आहे आणि पक्क्या घरातली शेजारीण आतून तीटपावडर करत बसली आहे. झाली सामाजिक कथा, पारितोषिकाच्या लायकीची. काही घरांतल्या आवृत्तीत चिऊ अखेर दार उघडते आणि भिजलेल्या काऊला ऊब घ्यायला तापल्या तव्यावर बसायला सांगते. तिथे तर सरळ गुन्हेगारी कथा सुरू होते, आणि दाराशी लावलेला तो सगळा वेळ पूर्वतयारीचा होता की काय, असा संशय येऊ लागतो.

कुणीतरी हा खेळ पडद्यावरही केला आहे. 'द शायनिंग' हा बर्फात अडकलेल्या हॉटेलचा आणि कुऱ्हाड घेऊन बायकोपोरामागे लागलेल्या बापाचा चित्रपट. २००५ साली त्यातलीच दृश्यं नव्याने जुळवून, वर आनंदी निवेदन आणि उत्साही गाणं टाकून कुणी एक झलक बनवली. ती बघताना वाटतं, एका एकाकी मुलाला शेवटी वडील गवसल्याचा हा गोड कौटुंबिक चित्रपट आहे. बापाचं हसू तेच असतं. पण आता ते बघून आपणही हसतो.

म्हणून प्रकार ही गोष्टीच्या अंगातली वस्तू आहे, यावर माझा विश्वास उरलेला नाही. ती ऐकणाऱ्याला दिलेली सूचना आहे, कसं बसायचं त्याची. 'आटपाट नगर होतं' म्हटलं की आपण मांडी घालून बसतो आणि राजाला दोन राण्या का, असं विचारत नाही. 'त्या रात्री फोन वाजला' म्हटलं की पाय आपोआप वर घेतले जातात.

मला हे कळलं ते एका फजितीतून. प्रवासात वाचायला म्हणून एक पुस्तक घेतलं होतं, मलपृष्ठावर ठळक 'रहस्यकथा' असं छापलेलं. मी पहिल्या पानापासून पोलिसी नजरेने वाचत होते. कोण कधी उठलं, कुणाच्या बुटाला चिखल होता, घड्याळ मागे का पडलं. शेवटच्या पानावर खून कुणी केला हे सांगितलंच नव्हतं! मी इतकी चिडले की शेजारच्या अनोळखी बाईंना सबंध कथानक ऐकवलं. त्यांनी सहानुभूतीने ऐकून घेतलं आणि त्या पुढच्या स्टेशनवर उतरल्या. त्यांना तिथेच उतरायचं होतं का, हेही एक न उलगडलेलं रहस्य. वर्षभराने तेच पुस्तक पुन्हा हातात आलं. या वेळी खून उकलणार नाही हे माहीत होतं. म्हणून मी चिखल सोडून माणसांकडे पाहिलं. फार सुंदर पुस्तक होतं. त्यातली म्हातारी आई तर मी पहिल्या वेळी केवळ संशयित म्हणूनच पाहिली होती.

पण माझा राग अगदीच खोटा नव्हता. १९२९ साली रोनल्ड नॉक्स या लेखकाने, जो धर्मगुरूही होता, हेरकथेसाठी दहा आज्ञा लिहिल्या. गुपित खोली किंवा भुयार एकाहून जास्त नको. हेराने स्वतः गुन्हा करायचा नाही. जुळे भाऊ आणायचे असतील तर वाचकाची आधी तयारी करून घ्या. सूर मिश्कील आहे, पण मुद्दा खरा. तुम्ही मला या खेळाला बोलावलंय, तर मधेच नियम बदलू नका.

आणि पाटी कुणी लावायची, हा तंटा वेगळाच. रशियन नाटककार चेखॉव्ह आपल्या 'चेरी ऑर्चर्ड'ला सुखात्मिका म्हणत राहिला आणि १९०४ साली दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीने ती शोकात्मिका म्हणून उभी केली. चेखॉव्ह चडफडला. आजही दिग्दर्शक त्या दोघांपैकी एकाची बाजू घेतात. मंगळावर एकटा अडकून पडलेल्या माणसाच्या 'द मार्शियन'ला २०१६ साली गोल्डन ग्लोब मिळाला तो 'संगीतप्रधान किंवा विनोदी' या गटात. अमेरिकन कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट तर म्हणायचा की आपल्याला 'विज्ञानकथा' अशी चिठ्ठी लावलेल्या खणात टाकलंय, आणि भारदस्त समीक्षक त्या खणाला मुतारी समजतात. त्या खणातून बाहेर काढा, एवढंच त्याचं मागणं होतं.

परवा भाचा राहायला आला होता. वय वर्षं पाच. अंथरुणात शिरल्या शिरल्या म्हणाला, "आत्या, गोष्ट." मी घरच्या रीतीप्रमाणे विचारलं, "कसली सांगू? राजाची, राक्षसाची, की प्राण्यांची?" तो म्हणाला, "दाराची."

"दाराची म्हणजे?"

"दार वाजतं ती." म्हणजे चिऊ-काऊची. मला ती पक्ष्यांची गोष्ट वाटत आली होती. मी सांगितली, तवा वगळून. मग तो म्हणाला, "आता दुसरी दाराची." मी विचारात पडले. आणि मग आठवली लांडग्याची आणि बकरीच्या सात पिल्लांची. दार उघडायचं की नाही, एवढीच तर ती गोष्ट आहे. ती संपल्यावर तिसरी, अलिबाबाची. तिथे तर दाराला नुसतं बोलून उघडता येतं.

लोककथांची एक जगन्मान्य यादी आहे. फिनलंडच्या आर्नेने १९१० साली ती सुरू केली, अमेरिकेच्या थॉम्प्सनने वाढवली, जर्मनीच्या उथरने २००४ साली नव्याने बांधली. तिच्यात लांडगा आणि पिल्लं १२३व्या क्रमांकावर, प्राणिकथांत. अलिबाबा ९५४, लुटारूंच्या गोष्टींत. दोघांच्या मध्ये आठशेहून जास्त क्रमांकांचं अंतर. पाच वर्षांच्या पोराने ती एका उशीवर शेजारी शेजारी आणून ठेवली.

"अजून एक दाराची," तो म्हणाला.

चौथीही मला आठवली होती. निळ्या दाढीच्या सरदाराची, जो नव्या बायकोच्या हाती किल्ल्यांचा जुडगा देतो आणि म्हणतो, सगळी दारं उघड, ती एक सोडून. यादीत ३१२. मी म्हटलं, "नाही आठवत रे. झोप आता." आणि उठून खोलीचं दार लोटून घेत होते, तर आतून आवाज आला, "थोडं उघडं ठेव."